तोल आधी, मोटर नंतर

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ साली अशी दारे बसवली गेली, की ती उघडायला माणूस लागत नव्हता आणि मोटरही लागत नव्हती. पावसाळ्यात पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की वजनांचा तोल ढळायचा आणि दारे आपोआप उघडायची. पातळी उतरली की आपोआप मिटायची. धरणाची भिंत न वाढवता तलावात जास्त पाणी साठू लागले ते या दारांमुळे. ही कल्पना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकून १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झालेले हे अभियंते १९१२ मध्ये म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले. त्यांची स्वयंचलित दारे ग्वाल्हेरच्या तिघ्रा धरणावर गेली आणि म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरावरही आली.

घराच्या गेटच्या प्रकरणात धरणाची गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. गेटला मोटर बसवायची म्हटले की आपण लगेच मोटरच्या चौकशीला लागतो. कुठल्या कंपनीची, किती किलो ओढते, मोबाइलवर चालते का? विश्वेश्वरय्यांनी आधी दाराचा तोल पाहिला होता. दार नीट तोललेले असले की ते हलवायला थोडी ताकद पुरते. घराच्या गेटलाही हाच नियम लागू आहे. सुरळीत चालणाऱ्या गेटची मोटर वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. रखडणाऱ्या गेटला कितीही महाग मोटर लावा, ती थोड्याच पावसाळ्यांत थकते.

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात माझी मावसबहीण राहते. ताई आणि भावजी दोघेही सत्तरीला टेकलेले. लोखंडी सरकते गेट रोज दोनदा ओढून ताईंचा खांदा धरला, तेव्हा मोटर बसवायचे ठरले. पाहणीला आलेल्या फॅब्रिकेटरने पिशवीतून माहितीपत्रक काढण्याआधी गेटला एक हात लावला आणि ढकलले. अर्ध्यावर गेट थांबले. त्याने खाली वाकून चाकावरून बोट फिरवले, बोटाला गंजाची पूड लागली. "अम्मा, मोटर आत्ता नको," तो म्हणाला. "आधी चाकं बदलू, रेल सरळ करू. मग एका हातानं ढकलून बघा. तरीही मोटर हवी वाटली तर सांगा." या प्रकरणाचे सार त्या माणसाने दोन मिनिटांत सांगून टाकले होते. पुढे जे लिहितो आहे तो त्याचा विस्तार आहे.

आधी जागा मोजा

खडकवासल्याला दारे बसली त्याच साली, १९०३ मध्ये, म्हैसुरात शहर सुधारणेसाठी न्यास मंडळ स्थापन झाले. आखीव रस्ते, गटारांची सोय आणि ठरावीक मापाचे प्लॉट ही या शहराची जुनी सवय आहे. आजही म्हैसूरच्या वसाहतींत घराचे माप विचारले, तर उत्तर येते "तीस-चाळीस" किंवा "चाळीस-साठ", म्हणजे ३० फूट रुंद आणि ४० फूट खोल, किंवा ४० फूट रुंद आणि ६० फूट खोल. गेट कुठले घ्यायचे याचा निम्मा निकाल या आकड्यांतच लागतो.

सरकत्या गेटला उघडण्यासाठी बाजूला तितकीच मोकळी भिंत लागते. गाडीसाठी ११ फुटांची वाट ठेवली, तर गेट मागे जायला साडेबारा फूट तरी हवेत, कारण गेट वाटेपेक्षा थोडे लांब असते आणि मागे थोडी जागा सुटावी लागते. दोन्ही मिळून साडेतेवीस फूट झाले. ३० फुटी दर्शनी बाजूत खांब आणि माणसांच्या छोट्या दारासाठी साडेसहा फूट उरतात. म्हणजे बसते, पण जेमतेम. त्या साडेबारा फुटांच्या पट्ट्यात आधीपासून काय काय मांडले आहे ते पाहा. म्हैसूरच्या घरांत पुढच्या अंगणातच जमिनीखालची पाण्याची टाकी असते, तिचे झाकण असते, नळाचा मीटर असतो, जास्वंदीचे झाड असते. यातले एकही गेटच्या वाटेत येता कामा नये. प्लॉट २० फुटी असेल तर साधे सरकते गेट विसरावे. तिथे एकामागे एक सरकणारी दोन पाने किंवा घडीचे गेट बसते.

दोन पाखांच्या, कब्ज्यावर फिरणाऱ्या गेटला बाजूला जागा लागत नाही, पण आत लागते. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्या ३९९५ मिलिमीटर लांब असतात, कारण चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सवलत मिळते. साडेपाच फुटांचे पाख आत उघडायचे म्हणजे आणखी सुमारे १.७ मीटर हवेत. गाडी, पाख आणि दोहोंमध्ये थोडी फट धरली तर गेटपासून घराच्या भिंतीपर्यंत सहा मीटर, म्हणजे जवळजवळ २० फूट लागतात. तीस-चाळीसच्या प्लॉटवर ते क्वचितच मिळतात. मग कुणीतरी सुचवते, की पाखे बाहेर उघडू द्या. हे कधीही करू नये. गेटबाहेरची पदपथाची फरशी सगळ्यांची आहे. रिमोट दाबणाऱ्याला तिथून चाललेले पोर दिसत नाही.

उताराचाही विचार करा. रस्त्यापासून घराकडे चढ असेल, तर आत उघडणारे पाख खाली जमिनीला घासते. तिथे सरकते गेट बरे. सरकत्या गेटची रेल मात्र दोन टोकांना एकाच पातळीत हवी. पाणसाळ लावून तपासा. रेल एका बाजूला कलली असेल, तर मोटर रोज एकदा चढ चढते आणि उरलेला वेळ गेटला उतारावर धरून ठेवते. लाइन गेल्यावर मोटर सोडवली, की तेच गेट आपल्या वजनाने धावत सुटते.

वजन स्वतः काढा

दुकानात मोटरी ४००, ६००, ८००, १००० किलो अशा आकड्यांनी विकल्या जातात. आपल्या गेटचे वजन आपल्याला ठाऊक नसेल, तर या आकड्यांना अर्थ नाही. ते काढणे सोपे आहे. १ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा १ चौरस मीटर तुकडा सुमारे ७.८५ किलो भरतो. १२ फूट लांब आणि ५ फूट उंच गेटचे क्षेत्रफळ साधारण ५.६ चौरस मीटर. पत्रा १.६ मिलिमीटरचा घेतला तर तो ७० किलो झाला. चौकट ५० बाय ५० मिलिमीटरच्या, ३ मिलिमीटर जाड चौकोनी पाइपची असेल, तर मीटरला सुमारे साडेचार किलो, आणि मधल्या उभ्या आधारांसह १४ मीटर पाइप म्हणजे ६० किलोच्या वर. चाके, कड्या, वेल्डिंग, रंग धरून गेट १४० ते १५० किलोचे झाले. वरून सागवानी फळ्या लावायची हौस असेल तर आणखी वाढवा.

आता मोटर या वजनाच्या किमान दुपटीची घ्या. हा दुप्पट हिशेब कंपनीच्या लाडासाठी नाही. नवे गेट आणि पाच वर्षांनी गंजलेले, वाळू अडकलेले गेट ओढायला सारखा जोर लागत नाही, आणि वाराही असतो.

वाऱ्याचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत, आणि म्हैसुरात तोच करायला हवा. इथे एप्रिल-मे महिन्यात वळवाचे पाऊस जोरात येतात. दुपार तापते, ढग दाटतात आणि पावसाआधी वाऱ्याचा झोत येतो. वारा ताशी ५४ किलोमीटरने आला, तर सपाट पत्र्याच्या दर चौरस मीटरवर सुमारे १३५ न्यूटन दाब पडतो. आपल्या १२ फुटी गेटवर तो ७५ किलोच्या धक्क्याएवढा होतो. सरकत्या गेटला हा धक्का आडवा बसतो. वरचे रोलर मजबूत असले तर ते सोसतात. कब्ज्याच्या गेटला मात्र तो थेट उघडण्याच्या दिशेने बसतो. ६ फूट रुंद पाखावर ३८ किलोचा जोर मध्यावर, म्हणजे कब्ज्यापासून ३ फुटांवर पडतो. मोटरचा दांडा पाखाला कब्ज्यापासून फूटभर अंतरावर जोडलेला असेल, तर त्याला तिप्पट, म्हणजे ११४ किलोचा जोर रोखून धरावा लागतो. इतका भार सोसून एक दिवस दांड्यातले दाते तुटतात आणि आपण कंपनीला बोल लावतो. भरीव पत्र्याऐवजी अधूनमधून फटी असलेली जाळी किंवा पट्ट्या लावल्या तर वारा आरपार जातो. आडोसा थोडा कमी होईल, पण दुरुस्त्याही कमी होतील.

हे सगळे झाले की शेवटची परीक्षा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा गेटला अडकवा आणि सावकाश ओढा. १५० किलोचे गेट चांगल्या बेअरिंगच्या चाकांवर असेल, तर काटा सात-आठ किलोच्या पुढे जाऊ नये. वजनाच्या विसाव्या हिश्श्याहून जास्त जोर लागत असेल, तर मोटरचे पैसे आधी चाकांवर आणि रेलवर खर्च करा. ताईंच्या गेटला नवी चाके बसली तेव्हा फॅब्रिकेटरने ते एका बोटाने ढकलून दाखवले. ताई उत्साहाने पुढे झाल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. "स्वल्प निधान, अम्मा," तो म्हणाला, जरा हळू. इतकी वर्षे ज्या गेटशी त्या झटत होत्या, ते आता हळू ढकलावे लागत होते.

मोटर निवडताना

सरकत्या गेटची मोटर जमिनीवर बसते. तिचे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, गेटला लावलेल्या दातेरी पट्टीला, म्हणजे रॅकला, धरून गेट नेते. या दोघांमध्ये एक-दोन मिलिमीटरची फट हवीच. फट नसेल तर गेटचे वजन चाकांवरून उतरून पिनियनवर बसते आणि मोटरच्या आतले बेअरिंग जाते. रॅक बसवताना कारागिराला हे विचारा आणि गेट पुढे-मागे नेऊन सगळ्या लांबीवर फट पाहा.

पुढचा प्रश्न विजेचा. २३० व्होल्टच्या एसी मोटरी स्वस्त आणि दणकट असतात, पण सतत चालवल्या तर तापतात आणि आतला स्विच त्यांना काही वेळ बंद ठेवतो. माहितीपत्रकात ३० टक्के वापर लिहिले असेल, तर दहा मिनिटांत तीन मिनिटे चालवा असा त्याचा अर्थ. घरासाठी ते पुरते. २४ व्होल्टच्या डीसी मोटरींचा फायदा वेगळा आहे. त्या सुरुवातीला आणि शेवटी हळू चालतात, बॅटरीवर चालतात, आणि अडथळा आल्यावर वाढणारी विजेची ओढ चटकन ओळखतात. लहान मुले, म्हातारी माणसे आणि लाइन जाण्याची सवय असलेल्या घरात मी २४ व्होल्टचीच मोटर सुचवतो.

वीजबिलाची धास्ती मात्र धरू नका. ३०० वॉटची मोटर एका फेरीला २० सेकंद चालली आणि दिवसात अशा २० फेऱ्या झाल्या, तर महिन्याला एक युनिट जेमतेम होते. त्याउलट कंट्रोल बॉक्स, रिसीव्हर आणि सेन्सर मिळून ५ वॉट जरी सतत घेत असले, तरी महिन्याला साडेतीन युनिट होतात. गेट हलण्यापेक्षा आपली वाट पाहत उभे राहण्यात जास्त वीज घेते. सौर पॅनेल लावायचे असेल तर हा उभ्याचा खर्च आधी धरा.

मोटरचा पाया आजूबाजूच्या जमिनीपासून १५ सेंटिमीटर तरी वर हवा, म्हणजे पावसात साचलेले पाणी आत शिरत नाही. २३० व्होल्टची तार आणि सेन्सरच्या बारीक तारा वेगळ्या पाइपांतून न्या. स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग यांत काटकसर नको. ओल्या जमिनीवर, ओल्या हातांनी माणसे या लोखंडाला स्पर्श करणार आहेत. वळवाच्या पावसाबरोबर विजाही येतात, म्हणून कंट्रोल बॉक्सच्या आधी सर्ज प्रोटेक्टर बसवा. रिमोट दर वेळी नवा संकेत पाठवणारा, म्हणजे रोलिंग कोडचा घ्या. जुन्या पद्धतीचा तोच तो संकेत कुणीही टिपून पुन्हा वापरू शकतो. रिमोट हरवला तर नवा घेण्याआधी जुना यादीतून काढायला सांगा.

गेटला थांबता आले पाहिजे

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. जुलै २०२४ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवडच्या बोपखेल भागात मुले खेळत होती. एका मुलाने सरकते लोखंडी गेट ढकलले. गेट रेलमधून निसटून आडवे पडले आणि चार वर्षांचीही नसलेली एक मुलगी त्याखाली सापडून गेली. त्या गेटला मोटर नव्हती. मुलाच्या हाताने सरकलेले गेट होते ते. ही बातमी वाचल्यापासून कुठल्याही घरी गेलो, की माझी नजर आधी गेटच्या टोकाकडे जाते. तिथे स्टॉपर आहे का?

स्टॉपर म्हणजे गेटला रेलबाहेर जाऊ न देणारा लोखंडी अडसर. तो दोन्ही टोकांना हवा, पायात काँक्रीटमध्ये पक्का हवा, आणि वर खांबाकडेही हवा. दोन-तीनशे रुपयांचे लोखंड आणि अर्ध्या तासाचे वेल्डिंग, एवढेच काम. शिवाय वरच्या बाजूला गेट धरणारे रोलर किमान दोन ठिकाणी हवेत. एकच जोडी असेल तर पूर्ण उघडलेले गेट तिच्याभोवती कलू शकते. मोटरला टोकाशी थांबवणाऱ्या लिमिट स्विचवर विसंबून स्टॉपर गाळणारे कारागीर भेटतात. त्यांना नम्रपणे, पण ठाम नकार द्या. लिमिट स्विच विजेवर चालतो. स्टॉपरला वीज लागत नाही.

मोटरच्या गेटचा धोका वेगळा असतो. १५० किलोचे गेट सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने चालते, तेव्हा त्याचा धक्का म्हणजे फूटभर उंचीवरून पडलेली लिटरभर पाण्याची बाटली. तो फारसा लागत नाही. भीती आहे ती पुढच्या क्षणाची. माणूस मध्ये सापडला तरी मोटर ढकलत राहते. २०१० च्या जून-जुलैमध्ये ब्रिटनमध्ये दोन वेगवेगळ्या शहरांत पाच आणि सहा वर्षांच्या दोन मुली स्वयंचलित गेटमध्ये अडकून मरण पावल्या. त्यानंतर तिथल्या सुरक्षा यंत्रणेने गेट बसवणाऱ्यांना कडक इशारे दिले. युरोपच्या मानकानुसार अरुंद फटीत गेटचा जोर ४०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण ४० किलोच्या वर जाता कामा नये, आणि पाऊण सेकंदात तो १५० न्यूटनपर्यंत उतरला पाहिजे. अमेरिकेच्या मानकाने २०१६ पासून अडकण्याच्या प्रत्येक जागी एकमेकांवर न विसंबणारे दोन बचाव सक्तीचे केले. आपल्या घरीही हेच दोन बचाव मागा. एक, अडथळा लागताच उलटे फिरणारी मोटर. दोन, गेटला स्पर्श होण्याआधीच माणूस ओळखणारा फोटोसेल.

फोटोसेल म्हणजे एका खांबावरून दुसऱ्यावर जाणारा न दिसणारा किरण. तो तुटला की गेट थांबते. पण तो एकाच रेषेत पाहतो हे लक्षात ठेवा. बहुतेक कारागीर तो जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर लावतात. म्हैसुरात सकाळी गेटच्या उंबऱ्याशी पाणी शिंपडून रांगोळी काढतात. आपल्याकडेही अनेक घरांत काढतात. रांगोळीसाठी बसलेल्या बाईचे पुढे टेकलेले हात किंवा रांगते मूल त्या रेषेच्या खाली राहू शकते. म्हणून २० ते ३० सेंटिमीटर उंचीवर दुसरी जोडी लावा. गेट जाळीचे असेल तर ते खांबाजवळून सरकताना जाळीतला हात कापला जाऊ शकतो. त्या भागावर बारीक जाळी किंवा पत्रा ठोका. आपोआप बंद होण्याची सोय फोटोसेल असेल तरच चालू करा. आणि गेट डोळ्यांना दिसत नसताना मोबाइलवरून कधीही चालवू नका.

दिंडी दरवाजा

पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तीच्या माथ्याच्या उंचीवर अणकुचीदार खिळे आहेत आणि त्याच भल्या दारात माणसापुरती लहानशी दिंडी आहे. रोजच्या येण्याजाण्यासाठी सगळा दरवाजा उघडायचा नाही, हे शहाणपण आपल्याकडे वाड्यांच्या आणि गडांच्या काळापासून आहे. मोटर बसवताना नेमके हेच विसरले जाते.

ताईंच्या घरी विसरले गेले. खांब मजबूत करताना जुने छोटे दार बुजवून टाकले. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आम्ही तिघे रिक्षाने घरी परतलो, तेव्हा लाइन गेली होती आणि पावसाला सुरुवात झाली होती. रिमोट दाबला, गेट हलले नाही. बॅटरी तीन वर्षांची जुनी, मेलेली. मोटर गेटपासून सोडवायची किल्ली गाडीच्या कप्प्यात होती, आणि गाडी गेटच्या आत. शेजारच्या मुलाने भिंतीवरून उडी मारली म्हणून आम्ही घरात गेलो. त्या वेळी आत कुणी आजारी असते तर काय झाले असते, हा विचार भावजींनी त्या रात्री दोनदा बोलून दाखवला. आता तिथे तीन फुटांची दिंडी पुन्हा उघडली आहे.

दिंडी भिंतीत स्वतंत्र ठेवा, सरकत्या गेटच्या पानात नको. पानातच ठेवावी लागली, तर ती उघडी असताना मोटर चालणार नाही असा स्विच लावा. मोटर सोडवायची किल्ली घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक हवी, आणि प्रत्येकाने ती एकदा तरी स्वतः फिरवलेली हवी. एक घरात, एक बाहेरून मिळेल अशा विश्वासाच्या ठिकाणी.

पाडवा ते खंडेनवमी

देखभालीला मी दोन दिवस नेमून दिले आहेत. म्हैसुरात पाऊस जोरात येतो तो मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. गुढीपाडवा, इथला उगादी, पहिल्या पावसाच्या आधी येतो. खंडेनवमी, इथली आयुधपूजा, दुसऱ्या पावसाच्या ऐन दिवसांत येते. त्या दिवशी म्हैसुरात सायकलपासून बसपर्यंत प्रत्येक यंत्र धुऊन, पुसून, फूल वाहून ठेवतात. गेटही त्याच रांगेत येऊ द्या.

पाडव्याला मोटरची वीज बंद करून कंट्रोल बॉक्स उघडा. ताईंच्या बॉक्समध्ये एकदा मुंग्यांनी माती आणि अंडी रचली होती, आणि सर्किटवर पालीचे पिल्लू चिकटून जळाले होते. दोन्ही तारांच्या पाइपातून आत आली होती. बॉक्स कोरड्या ब्रशने झाडा आणि पाइपाचे तोंड सिलिकॉनने बुजवा. बॅटरी तपासा आणि दोन-तीन वर्षांची झाली असेल तर ती मरायची वाट न पाहता बदला. सगळे नट घट्ट करा. रॅक आणि पिनियनमधली फट पुन्हा पाहा.

खंडेनवमीला चाके, रेल आणि कब्जे पाहा. कब्ज्यांना आणि बेअरिंगना ग्रीस द्या. रेलला आणि रॅकला ग्रीस थापू नका. त्याला वाळू चिकटते आणि ती कानशीसारखी लोखंड खाते. रंग उडालेल्या जागी गंज घासून प्रायमर लावा, विशेषतः गेटच्या तळाशी, जिथे पावसाचे शिंतोडे उडतात. पाइपच्या खालच्या बाजूला पाणी जाण्यासाठी भोके नसतील तर पाडून घ्या. आतून गंजलेले गेट बाहेरून कळत नाही.

या दोन दिवसांच्या मध्ये दर महिन्याला दहा मिनिटे पुरतात. रेलमधले खडे, नारळाच्या झावळीचे तुकडे, गुलमोहराच्या पाकळ्या झाडून काढा. एक पाकळी काही करत नाही, पण पावसात भिजून दाबली गेलेली पाकळ्यांची चिकट रांग चाकाला उचलते. फोटोसेलच्या काचा मऊ फडक्याने पुसा. कोळ्याचे जाळे पडले की गेट सकाळी मिटत नाही. ताईंच्या फोटोसेलच्या भोकात एकदा कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. मेकॅनिकला बोलावण्याआधी भावजींनी काडीने ते काढले आणि गेट चालू लागले. मग गेट बंद होत असताना पुठ्ठ्याचा रिकामा खोका किरणाच्या वाटेत ठेवा, थांबते का पाहा. तोच खोका किरण टाळून गेटच्या तोंडाशी धरून ठेवा, पण हात लांब, काठीने. गेट खोका चेपून पुढे जात असेल, तर मोटरचा जोर कमी करून घेईपर्यंत ते मोटरवर चालवू नका.

आणि शेवटी ताईंच्या फॅब्रिकेटरची परीक्षा. मोटर किल्लीने सोडवा आणि गेट हाताने ढकला. लहानशी कुरकुर, मध्येच येणारा अडथळा, टोकाशी होणारा खडखडाट हातालाच आधी कळतो. मोटर तो मुकाट्याने सोसत राहते आणि एक दिवस बंद पडते. ताई आता दर खंडेनवमीला गेटला हळदकुंकू लावतात, स्टॉपरला एक फूल ठेवतात, आणि मग एका हाताने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतात. खांदा दुखला नाही, तर सहा महिने निर्धास्त.